वाऱ्याची वही

सोडा रिजच्या कँटीनमध्ये, कॉफीच्या मशीनच्या वर, एक पाटी टांगलेली होती. वर लिहिलं होतं, ‘चंद्रतळाशी अखंड संपर्क’, आणि खाली चार आकडे. आकडे पत्र्याचे, हाताने बदलायचे. सकाळच्या पाळीला जो पहिला येईल त्याने स्टुलावर चढायचं, दिवस एकाने वाढवायचा आणि मगच कॉफी घ्यायची. हे कुठे कागदावर नव्हतं. पण मोजावे वाळवंटात नोकरी करणारी ती तीसेक माणसं पगाराची तारीख विसरली असती, हे नाही.

मंगळवारी लुसिंडा आर्विझो पहिली आली. तिने १४९६चं १४९७ केलं, स्टुलावरून उतरली आणि कॉफी न घेताच बाहेर पडली. बावीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होतं. आदल्या संध्याकाळी चौकशीचा अहवाल आला होता आणि तिने तो गाडीत बसून, दोनदा, वाचला होता.

चंद्राच्या दक्षिण टोकाशी तळ होता. सहा माणसं राहायची, सध्या पाच. त्यांचा आवाज, त्यांच्या हवेचे-पाण्याचे आकडे, सगळं पृथ्वीवर सतत येत राहावं म्हणून तीन ठिकाणी मोठ्या डिश उभ्या होत्या: एक स्पेनमध्ये, एक ऑस्ट्रेलियात, एक इथे. इथला चंद्र मावळायला आला की लुसिंडा ऑस्ट्रेलियाला म्हणायची, “चंद्र तुमचा.” पलीकडून माणसाच्या आवाजात “चंद्र आमचा” असं आल्याशिवाय आपली डिश हलवायची नाही. तान्हं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर देताना बायका जे करतात तेच हे काम, असं ती नव्या लोकांना सांगायची आणि वर दम द्यायची, “पडलं तर तुमची खैर नाही.”

आता या सोवळ्या कामात एक टेकू होता. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, सगळे त्याला टेकूच म्हणायचे. विजेचा झटका बसला, यंत्राला उचकी लागली, की संपर्क क्षणभर तुटतो. तेवढ्यासाठी भोंगे वाजू नयेत म्हणून एक बटण दिलेलं होतं. ते दाबून धरलं की यंत्र शेवटचे चांगले आकडे पुन्हापुन्हा पुढे सरकवत राहायचं आणि दूरच्या नियंत्रण कक्षाला वाटायचं, सगळं सुरळीत आहे. नियम पंधरा सेकंदांचा. पण दाबणारं बोट माणसाचं. पंधराचे तीस झाले, तिसांचं मिनिट झालं. पाटीवरचा आकडा जसजसा फुगत गेला तसतसा टेकूही लांबत गेला. कोणी कोणाला विचारत नव्हतं, कारण प्रत्येकाचं बोट कधी ना कधी तिथे गेलेलं होतं.

आणि वर तळावर? तिथे भिंतीवर एक दिवा होता. पृथ्वी ऐकते आहे तोवर हिरवा. तळाचं बोलणं आधी चंद्राभोवती फिरणाऱ्या उपग्रहाकडे जायचं आणि तिथून पृथ्वीकडे. पृथ्वीकडचा धागा तुटला तर उपग्रहाला ते कळवायचं काम डिशवाल्यांचं. टेकू दाबलेला असेपर्यंत ते कळवलं जात नसे. दिवा हिरवाच राहायचा.

पाच आठवड्यांपूर्वीच्या रविवारी वारा सुटला होता. मोजावेत वारा काही पाहुणा नाही. पण त्या दुपारी त्याने ताळतंत्र सोडलं. ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर गेला की डिशचं तोंड आकाशाकडे सरळ करून ब्रेक लावायचा, नाहीतर चौतीस मीटरचं ते सूप वारा उपटून नेईल. शेजारची दुसरी डिश बेअरिंग बदलायला खोलून ठेवलेली. स्पेनमधला चंद्र मावळून गेलेला, ऑस्ट्रेलियातला उगवायचा बाकी. तीन वाजून एकोणीस मिनिटांनी लुसिंडाने एका हाताने डिश सरळ केली आणि दुसऱ्या हाताने टेकू दाबला.

दुसऱ्या दिवशी पाटीवर १४६१ लागणार होते. चार वर्षं पूर्ण. जवळच्या बारस्टो गावातल्या बेकरीत केक सांगितलेला होता, त्यावर साखरेची डिश काढायला सांगितली होती. कारण इतकं क्षुल्लक होतं. तिला ते आठवलं की अंगाची लाहीलाही व्हायची.

अकरा मिनिटांनी वारा पडला. साडेतीनला तिने डिश पुन्हा चंद्राकडे वळवली, संपर्क आला, बोट काढलं. नियम असा की संपर्क तुटून आला की डिशवाल्याने सगळ्यात आधी तळाला विचारायचं, “मधल्या वेळात काही बोललात का?” तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर संपर्क तुटला होता हे उघड झालं असतं. तिने फक्त वाऱ्याची वही ओढली आणि सवयीने लिहिलं: ‘३.३०. वारा ५२, झोत ६१ होता, आता ३८. डिश ३.१९ ते ३.३० सरळ.’ खाली सही केली. ही वही कुठल्याशा जुन्या साहेबाने सुरू केलेली. त्याचा यंत्रापेक्षा पेनावर विश्वास होता. दर अर्ध्या तासाला वारा लिहायचा. वही कोणी वाचत नसे, म्हणूनच बहुधा तिच्यात कोणी खोटं लिहीत नसे.

तीन चौतीसला तळावर पाइप फुटला.

पाणी शुद्ध करायच्या खोलीत, पडद्यामागे हान्ना विर्टानेन काम करत होती, कानांत बोळे घालून, कारण तिथल्या पंपांचा आवाज भयंकर. अमोनियाचा फवारा थेट तोंडावर आला. चौथ्या दिवशी तिला तातडीच्या यानातून खाली आणलं. उजवा डोळा वाचला. डावा गेला.

झडप उघडली होती गॉर्ड पेल्कीने. हा सडबरीचा मेकॅनिक, घराण्यात तिसऱ्या पिढीपर्यंत सगळे निकेलच्या खाणीत, आणि हा एकटा उलट्या दिशेने निघालेला. तळावर असं काही उघडायचं तर रीत ठरलेली होती: बोला, थांबा, करा. पृथ्वीला सांगायचं, हिरव्या दिव्याखाली दोन मिनिटं थांबायचं, कोणी अडवलं नाही तर करायचं. गॉर्ड म्हणत होता, मी तीन चोवीसला बोललो, दोन मिनिटं घड्याळ लावून थांबलो, दिवा हिरवा होता, कोणी अडवलं नाही. हान्ना पडद्यामागे आहे हे नियंत्रण कक्षाच्या कागदावर होतं. त्याचं बोलणं पोचलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे अडवलं असतं. पण तळावरचे आवाज पृथ्वीवरच ध्वनिमुद्रित व्हायचे. संपर्क जर अखंडच आहे तर वर वेगळं साठवायचं कशाला, असा हिशेब कोणीतरी केला होता.

अहवालात तीन वाक्यं होती. ‘संपर्क अखंड होता. मुद्रणात श्री. पेल्की यांचा आवाज आढळत नाही. सबब त्यांनी पूर्वसूचना दिली नाही व नंतर असत्य विधान केले.’ पुढच्या यानाने, म्हणजे नऊ दिवसांनी, त्याला परत आणायचं ठरलं होतं. पुन्हा कधी न पाठवण्यासाठी.

झडप तीन सव्वीसला उघडली, पाइप तीन चौतीसला फुटला. संपर्क तीन तीसला परत आला होता. मधली चार मिनिटं लुसिंडाची होती. त्या चार मिनिटांत एक प्रश्न विचारायला तिला तीन सेकंद लागले असते.

मंगळवारी दहा वाजता स्पेनने चंद्र सोडा रिजला दिला. तळाकडून पहिली हाक गॉर्डचीच असायची. चार महिने तो रोज एकच प्रश्न विचारायचा, “बाई, आज वारा किती?” चंद्रावर वारा नाही, त्याला त्याची चटक लागली होती. ती आकडा सांगायची, तो म्हणायचा, “अहाहा, टोपी सांभाळ,” आणि हा विनोद सव्वा सेकंद उशिरा पोचायचा, तिचं हसू आणखी सव्वा सेकंद उशिरा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

“सोडा रिज, तळ बोलतोय. पेल्की. आवाज नीट?”

“नीट आहे, गॉर्ड.”

“चला, नावाने हाक मारणारं कोणी उरलंय म्हणायचं. इथे सगळे मला ‘अरे’ म्हणतात. तेही मीठ हवं असलं तर.”

तिने हवेच्या-पाण्याच्या आकड्यांचा कागद पुढे ओढला.

“अहवाल वाचलास?” त्याने विचारलं.

“वाचला.”

“बायकोशी बोललो काल. म्हणाली, गॉर्ड, मुद्रण कशाला खोटं बोलेल? बरोबर आहे तिचं. आता मलाच वाटायला लागलंय की मी बोललोच नाही. नुसतं मनात म्हटलं असेल. होतं का गं असं? माणूस हान्नाचा डोळा घालवतो आणि मग स्वतःला एक गोष्ट रचून सांगतो, असं?”

“मला… तसं वाटत नाही.”

“एक विचारू? त्या रविवारी सकाळी तू म्हणाली होतीस, वारा चढतोय. पुढे किती चढला?”

तिच्यासमोरही तसाच एक हिरवा दिवा होता. शेजारी वाऱ्याच्या वहीची जागा होती, आणि ती रिकामी होती. सोमवारपर्यंत वही तिथेच असायची.

“आठवत नाही रे,” ती म्हणाली.

अडीच सेकंद गेले. मग आणखी काही गेले.

“बरं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला वारा आठवतो.” आणि हवेचे-पाण्याचे आकडे वाचू लागला, एकसुरी, बातम्या वाचतात तसे.

ड्वेन हॅलोरन हा केंद्राचा प्रमुख. एकसष्ट वर्षांचा, मऊ आवाजाचा, टेबलावर नातवंडांचे फोटो आणि खालच्या खणात चॉकलेटं. लुसिंडा दार न वाजवता आत गेली.

“वही कुठे आहे, ड्वेन?”

“खणात. बस.”

“उभीच बरी.”

“बघ, मी वाचली ती. अहवाल आल्या आल्या वाचली. पण ती कोणी मागितलेली नाही, लुसिंडा. त्यांनी संपर्काची नोंद मागितली, मुद्रण मागितलं. वाऱ्याची वही म्हणून काही असतं हेच त्यांना ठाऊक नाही.”

“मग आपण सांगायचं.”

“आणि मग? ते विचारणार, टेकू किती वेळा लावला. कोणी कोणी लावला. मी मार्चमध्ये सहा मिनिटं लावला होता, तुला ठाऊक आहे. दुसऱ्या पाळीच्या ट्रॅव्हिसने किती वेळा, देव जाणे. पाटीवरचे चौदाशे सत्त्याण्णव खरे किती, हे आता कोणी मोजू शकेल का? मुख्यालयातले साहेब लोक तर टपूनच बसलेत, माणसं काढून सगळं यंत्रांवर सोडायला. तीस घरांच्या पोटावर पाय येईल.”

“त्याला वेड लागायची पाळी आलीय. त्याला वाटतंय, तो बोललाच नाही.”

ड्वेनने चष्मा काढून पुसला. त्याचेही डोळे लाल होते, हे तिला तेव्हा दिसलं. “नऊ दिवसांत तो घरी येईल. घरी आलं की माणूस विसरतो.”

“तू विसरशील?”

“मी प्रयत्न करतोय ना,” तो चिडून म्हणाला. “मघापासून तेच तर करतोय.”

बुधवारी तिला सुट्टी होती. बारस्टोच्या घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. रामोन आर्विझो चौऱ्याऐंशीचे. एकतीस वर्षं रेल्वेच्या यार्डात सिग्नलचं काम केलेले. अजून मालगाडीच्या आवाजावरून डबे मोजणारे. दुपारी ती त्यांच्यासमोर रश्श्याचा वाडगा ठेवून बसली. लिंबू पिळलं, टॉर्टिया गरम करून फडक्यात गुंडाळल्या, आणि स्वतः एक घासही घेतला नाही.

“मिहा, पोरी, तुझा तो चंद्रावरचा मेकॅनिक काय म्हणतो? हल्ली त्याचे विनोद सांगत नाहीस.”

“त्याला परत आणतायत, पापा. म्हणतात, न सांगता झडप उघडली.”

“आणि तो?”

“तो म्हणतो, सांगितलं होतं. दिवा हिरवा होता.”

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. “हिरवा होता ना? मग त्याला कसले प्रश्न विचारताय? आमच्याकडे ड्रायव्हर हिरव्यावर गेला आणि गाडी ठोकली तर ड्रायव्हरला कोणी हात लावत नसे. आम्हाला धरायचे. हिरवा केला कोणी ते सांगा, म्हणायचे.” त्यांनी टॉर्टियाचा तुकडा मोडला. “केला कोणी?”

लुसिंडाने वाडग्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे, मग पुन्हा वाडग्याकडे. रामोन तिचा बाप होता. त्याला दुसऱ्यांदा विचारायची गरज पडली नाही.

“देवा,” ते हळूच म्हणाले. मग बराच वेळ जेवत राहिले. वाडगा संपल्यावर म्हणाले, “एकोणिसशे ब्याण्णवमध्ये मी एक सिग्नल चुकीचा दिला होता. काही झालं नाही. गाडी नव्हती त्या रुळावर. कोणालाच कळलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही.” त्यांनी तोंड पुसलं. “अजून गाडीची शिट्टी ऐकली की छातीत धस्स होतं. आणि माझ्या रुळावर तर कोणी नव्हतं.”

गुरुवारी ती ड्वेनच्या खोलीत गेली आणि फक्त हात पुढे केला. ड्वेनने तिच्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. मग उठला, खण बाहेर ओढला, उघडाच ठेवला आणि टोपी घातली.

“मी जरा डिशचं ग्रीस बघून येतो,” तो म्हणाला.

अठरा वर्षांत ड्वेन हॅलोरन कधी ग्रीस बघायला गेला नव्हता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ती त्याला खिडकीतून जाताना बघत राहिली. तो डिशच्या पायथ्याशी जाऊन, सावलीत, पाठ करून उभा राहिला.

अकरा वाजता तिने माइक सुरू केला. फोन करता आला असता, चौकशीवाल्यांना पत्र लिहिता आलं असतं. पण पत्र फायलीत जातं आणि फाइल खणात जाते, हे ती आता चांगलं शिकली होती. या वाहिनीवर जे बोललं जातं ते तळावर, तिन्ही केंद्रांत आणि नियंत्रण कक्षात एकदमच ऐकू जातं आणि मुद्रित होतं. तिने वही उघडून टेबलावर दाबून धरली.

“सोडा रिज, सर्वांसाठी. लुसिंडा आर्विझो बोलतेय. याचं मुद्रण होतंय हे मला माहीत आहे, म्हणूनच इथे बोलतेय. वाऱ्याच्या वहीतून वाचते. रविवार. तीन तीस. वारा बावन्न, झोत एकसष्ट होता, आता अडतीस. डिश तीन एकोणीस ते तीन तीस सरळ. खाली सही माझी.”

“सोडा रिज,” नियंत्रण कक्षातून एक गोंधळलेला आवाज आला, “हा विषय या वाहिनीवर नको. कृपया—”

“दोन मिनिटं थांबा, मग काय ते करा. डिश सरळ म्हणजे संपर्क नाही. अकरा मिनिटं संपर्क नव्हता. मी टेकू दाबून ठेवला होता, म्हणून तुम्हाला जुनेच आकडे दिसले आणि तळावर दिवा हिरवा राहिला. गॉर्ड तीन चोवीसला बोलला. गॉर्ड, तू बोललास. मनात नाही, तोंडाने बोललास. ते पोचलं नाही, कारण ऐकायला इकडे डिशच नव्हती. आणि तीन तीसला संपर्क आल्यावर मी विचारायला हवं होतं, काही बोललात का. विचारलं असतं तर तू पुन्हा सांगितलं असतंस, त्यांनी झडप बंद करायला लावली असती, चार मिनिटं हातात होती. मी विचारलं नाही, कारण लबाडी उघडी पडली असती. हान्नाचा डोळा माझ्यामुळे गेला. आणि मंगळवारी तू वारा विचारलास तेव्हा मला तो आठवत होता. बावन्न. संपलं.”

तिने माइकवरचं बोट काढलं.

अडीच सेकंद गेले. पाच गेले. हिरवा दिवा जळत होता. नियंत्रण कक्ष गप्प, स्पेन गप्प, तळ गप्प. ती घड्याळाकडे बघत बसली. एक मिनिट. एवढं सगळं बोलल्यावर पलीकडे कोणी आहे की नाही तेच कळत नाही, हे काय असतं ते तिला त्या वेळी कळलं, आणि गॉर्डने हे पाच आठवडे कसं सोसलं असेल या विचाराने तिला रडू कोसळलं.

दोन मिनिटं होत आली तेव्हा आवाज आला. पण तो ओडेटचा होता, तळाच्या प्रमुखाचा.

“सोडा रिज, तळ. सगळं ऐकलं. पेल्की इथेच बसलेत, माझ्या शेजारी.” ती थांबली. “त्यांना आत्ता बोलायचं नाहीये. आम्हालाही त्यांच्याशी थोडं बोलायचंय. आमचंही बरंच चुकलंय. तुमच्याशी काय बोलावं, बाई, ते मला सुचत नाही. हान्नाला मी कळवते.”

“मी स्वतः जाऊन सांगेन तिला.”

“ते तुमचं तुम्ही बघा,” ओडेट कोरडेपणाने म्हणाली.

मग फोन सुरू झाले, ते थांबेचनात. दुपारी एकला मुख्यालयातून निरोप आला: आर्विझो यांना कामावरून दूर करण्यात येत आहे, मात्र बदली माणूस उद्याशिवाय येऊ शकत नसल्याने आजची पाळी त्यांनीच पूर्ण करावी. ड्वेनने तो निरोप वाचून दाखवला आणि पहिल्यांदाच हसला, अगदी कडवट. “तुझ्यावर भरवसा नाही, पण संध्याकाळपर्यंत आहे,” तो म्हणाला.

ती कँटीनमध्ये गेली. सात-आठजण बसले होते, बोलणं तुटलं. ती स्टूल घेऊन पाटीखाली गेली, वर चढली आणि चारही पत्रे एकेक करून बदलले. शून्य, शून्य, शून्य, शून्य. हजारांच्या जागचा पत्रा अडकला होता. जवळजवळ पाचशे दिवस तो कोणी हलवलाच नव्हता. तो बसवायला तिला मुठीने ठोकावा लागला.

“झालं समाधान?” मागून ट्रॅव्हिस म्हणाला. “तुझ्या मनावरचं ओझं उतरलं, छान. आता ते आमच्या बायकापोरांच्या डोक्यावर ठेव. चार वर्षं खपलो आम्ही इथे.”

तो चुकीचं बोलत होता असं तिला वाटलं नाही. ती स्टुलावरून उतरली, स्टूल जागेवर ठेवलं आणि त्यांच्यामधून बाहेर गेली. कोणी पाय बाजूला घेतले नाहीत. तिला वळसा घालून जावं लागलं.

सहा वाजता चंद्र पश्चिमेच्या डोंगरांवर टेकायला आला. ऑस्ट्रेलियात तो उगवला होता. वाहिनीवर दिवसभर कोणी एक शब्द जास्तीचा बोललं नव्हतं. पलीकडची मुलगी नेहमी बडबडी. आज तिनेही नुसतं “तयार आहोत” म्हटलं. लुसिंडाने माइकवर बोट ठेवलं. ‘चंद्र तुमचा’ म्हणायचं, पलीकडचं ऐकायचं, की बावीस वर्षं संपली.

“बाई.”

तिचं बोट तसंच राहिलं. आवाज घोगरा होता, बराच वेळ न वापरलेला.

“बोल, गॉर्ड.”

अडीच सेकंद.

“वारा किती आहे?”

तिने वारा मोजायच्या काट्याकडे बघितलं. एकदा बघून तिचं समाधान झालं नाही, पुन्हा बघितलं.

“अठरा. झोत चोवीस. पश्चिमेचा.”

तो टोपीबद्दल काही म्हणाला नाही. ऑस्ट्रेलियाची मुलगी थांबली होती, नियंत्रण कक्ष थांबला होता. डोंगरांच्या कडेवर चंद्राची उरलेली कोर पातळ होत चालली होती.

“वहीत लिहिलंस?” त्याने विचारलं.

सहाची नोंद राहिली होती. दिवसभराच्या धांदलीत तिने साडेपाचचीही केली नव्हती.

“थांब,” ती म्हणाली. तिने वही ओढली. आधी साडेपाचच्या ओळीत लिहिलं, ‘पाहिला नाही.’ मग सहाच्या ओळीत अठरा लिहिले, चोवीस लिहिले, पश्चिम लिहिलं, आणि खाली आपली पूर्ण सही केली.

“लिहिलं,” ती म्हणाली.